वीस डॉलरचे गाणे : किंग्स्टनचा तबकडी-व्यवसाय आणि ‘द हार्डर दे कम’

‘द हार्डर दे कम’ हा जमैकाच्या लोकांनी स्वतः बनवलेला पहिला पूर्ण लांबीचा कथापट मानला जातो. पेरी हेन्झेल यांनी तो दिग्दर्शित केला, ट्रेव्हर रोन यांच्यासोबत त्याची पटकथा लिहिली आणि १९७२ मध्ये किंग्स्टनच्या कॅरिब थिएटरात तो पहिल्यांदा दाखवला गेला. आयव्हन नावाचा खेड्यातला तरुण गायक होण्यासाठी राजधानीत येतो. आल्या दिवशीच त्याचे सामान चोरीला जाते. काम मिळत नाही, चर्चचा आश्रय फार टिकत नाही. अखेर एक गाणे ध्वनिमुद्रित होते, पण हिल्टन नावाचा निर्माता त्या गाण्याचे वीस डॉलर पुढे करतो. आयव्हन आधी नकार देतो आणि आपले गाणे आपणच खपवायला निघतो. हिल्टनच्या होकाराशिवाय ते कोणीच हातात घेत नाही, तेव्हा मुकाट्याने सही करतो. पुढे तो गांजाच्या धंद्यात शिरतो, पोलिसांवर गोळ्या झाडतो आणि फरार होतो. तो फरार असतानाच त्याचे गाणे गावभर वाजू लागते.

आयव्हन हे पात्र एका खऱ्या माणसावरून घेतले आहे. व्हिन्सेंट मार्टिन ऊर्फ ‘रायगिंग’ हा किंग्स्टनचा कुख्यात फरार गुन्हेगार १९४८ मध्ये लाइम के या लहानशा बेटावर पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. गरीब वस्त्यांमध्ये त्याच्या कहाण्या पुढे कित्येक वर्षे सांगितल्या जात. हा रायगिंग गायक मात्र नव्हता. त्याला गायक केले ते चित्रपटकर्त्यांनी, आणि चित्रपटाचे खरे मोल याच निर्णयात आहे. १९७० च्या सुमारास किंग्स्टनमधल्या बेकार तरुणाला मोठे होण्याची जी वाट दिसत होती ती तबकडीतून जात होती. ती वाट कोणी आखली आणि तिच्यावरचा जकातनाका कोणाच्या हाती होता, हे समजल्याशिवाय वीस डॉलरचा अर्थ लागत नाही.

या व्यवसायाचा उगम ध्वनिमुद्रणात नाही, नाचात आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून किंग्स्टनच्या मोकळ्या आवारांत ‘साउंड सिस्टिम’ लावून नाच भरवले जाऊ लागले. वाद्यवृंद बोलावणे महाग पडे. त्यापेक्षा अ‍ॅम्प्लिफायर, ग्रामोफोन आणि कपाटाएवढे लाउडस्पीकर लावून अमेरिकन तबकड्या वाजवणे परवडे. प्रवेशाचे पैसे मिळत आणि दारूही विकली जाई. ‘टॉम द ग्रेट सेबॅस्टियन’ या नावाची सिस्टिम चालवणारे टॉम वाँग हे या धंद्यातले सुरुवातीचे मोठे नाव. त्यांच्यामागून ड्यूक रीड, क्लेमंट ‘कॉक्सन’ डॉड आणि प्रिन्स बस्टर आले. रीड पूर्वी पोलिसात होते आणि त्यांचे दारूचे दुकान होते. डॉड ऊसतोडीच्या कामासाठी अमेरिकेत गेले होते आणि तिथून तबकड्या घेऊन आले.

स्पर्धा कडवी होती. दुसऱ्याकडे नसलेली तबकडी आपल्याकडे असावी यासाठी मालक धडपडत आणि तिचे नाव कोणाला कळू नये म्हणून लेबल खरवडून टाकत. पण १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकन संगीताची चव बदलली. किंग्स्टनच्या नाचणाऱ्यांना हव्या असलेल्या रिदम अँड ब्लूजच्या तबकड्या कमी येऊ लागल्या, तिकडे रॉक अँड रोलचा जोर वाढला. मग मालकांनी स्थानिक गायक-वादकांना घेऊन स्वतःच गाणी मुद्रित करायला सुरुवात केली. केन खौरी यांचा फेडरल स्टुडिओ त्यासाठी हाताशी होताच. सुरुवातीची बरीच ध्वनिमुद्रणे मऊ अ‍ॅसिटेट तबकडीवर, फक्त आपल्या नाचात वाजवण्यापुरती होत. लोक तेच गाणे विकत मागू लागले, तेव्हा त्याच्या प्रती बाजारात आल्या.

निर्माता आणि गायक यांच्यातला व्यवहार इथेच ठरून गेला. निर्माता मुळात नाचाचा आणि दुकानाचा मालक होता. गाणे म्हणजे त्याच्या लेखी गर्दी खेचण्याचे साधन. वर्षानुवर्षे उत्पन्न देणारी मालमत्ता म्हणून त्याकडे सुरुवातीला कोणी पाहिले नाही, म्हणून गायकाला एकरकमी मोबदला देऊन विषय मिटवण्याची रीत पडली. पुढे हीच गाणी इंग्लंडमध्ये विकली जाऊ लागली, तरी रीत तशीच राहिली. स्टुडिओचे भाडे आणि वादकांचे पैसे ज्याने दिले, गाणे त्याचे झाले. चित्रपटातल्या रकमेलाही संदर्भ आहे. जमैकाने पाउंड सोडून डॉलर स्वीकारला तो सप्टेंबर १९६९ मध्ये, एका पाउंडाला दोन डॉलर या दराने. म्हणजे हिल्टनचे वीस डॉलर हे जुन्या हिशेबाने दहा पाउंड होते.

गायकांची वाण कधीच नव्हती. खेड्यांतून राजधानीकडे माणसांचा ओघ सुरू होता. व्हियर जॉन्स यांच्या ‘ऑपॉर्च्युनिटी अवर’ या स्पर्धा चित्रपटगृहांत भरत आणि विजेता प्रेक्षकांच्या टाळ्यांवर ठरे. नन्स चालवत असलेल्या अल्फा बॉइज स्कूलमध्ये गरीब मुलांना बँडचे शिक्षण मिळे. ट्रॉम्बोनवादक डॉन ड्रमंड आणि सॅक्सोफोनवादक टॉमी मॅककुक तिथूनच पुढे आले. डॉड यांनी ब्रेंटफोर्ड रोडवर ‘स्टुडिओ वन’ सुरू केल्यावर तिथे रविवारी नवोदितांची चाचणी होई आणि आवारात रांग लागे. बाहेर इतके जण उभे असताना आतल्याने पैशांवरून वाद घालणे कठीणच होते. तरीही या निर्मात्यांना केवळ लुटारू ठरवणे अन्यायाचे होईल. त्या काळी घराणे, पैसा, शिक्षण यांपैकी काहीही नसलेल्या मुलाचा आवाज दुसरे कोणीही ऐकून घेत नव्हते.

आयव्हनची भूमिका करणारे जिमी क्लिफ याच वाटेने आले होते. त्यांचे मूळ नाव जेम्स चेंबर्स, जन्म १९४४ चा, सेंट जेम्स परगण्यातला. किशोरवयात ते किंग्स्टनला शिकायला आले आणि निर्मात्यांची दारे ठोठावू लागले. ऑरेंज स्ट्रीटवर लेस्ली काँग या चिनी वंशाच्या जमैकन व्यापाऱ्याचे ‘बेव्हर्लीज’ नावाचे दुकान होते. क्लिफनी तिथे जाऊन गाणे ऐकवले आणि ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात उतरायला काँगना राजी केले. ‘हरिकेन हॅटी’ हे क्लिफ यांचे गाणे जमैकात गाजले. बॉब मार्ली यांची पहिली तबकडीही १९६२ मध्ये काँग यांनीच काढली. त्याच वर्षी ६ ऑगस्टला देश स्वतंत्र झाला. त्या काळी स्का हे संगीत जोरात होते. १९६६ च्या सुमारास त्याची लय संथ होऊन रॉकस्टेडी आले आणि दोनएक वर्षांत रेगे.

हेन्झेल यांनी हे सारे खऱ्या जागी चित्रित केले. ‘डायनॅमिक साउंड्स’ स्टुडिओत टूट्स अँड द मेटल्स हा खरा गायकवृंद गाताना दिसतो आणि आयव्हन काचेपलीकडून आशेने पाहत राहतो. पैसे संपले की काम थांबे, त्यामुळे चित्रण रेंगाळले. पात्रे जमैकाच्या रोजच्या बोलीत बोलतात, म्हणून अमेरिकेत हा इंग्रजी चित्रपट इंग्रजी उपशीर्षके देऊन दाखवावा लागला. किंग्स्टनच्या पहिल्या खेळाला मात्र लोटलेली गर्दी आवरता आली नाही. आपली बोली आणि आपल्या गल्ल्या तिथल्या लोकांनी मोठ्या पडद्यावर अशा कधी पाहिल्याच नव्हत्या.

परदेशात चित्रपट हळूहळू पोहोचला. लंडनमध्ये ब्रिक्स्टन या जमैकन वस्तीच्या भागात सुरुवातीला प्रेक्षक फिरकेनात, तेव्हा हेन्झेल यांनी स्वतः पत्रके वाटली. अमेरिकेत १९७३ मध्ये रॉजर कॉर्मन यांच्या न्यू वर्ल्ड पिक्चर्सने तो वितरित केला. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज इथल्या ऑर्सन वेल्स सिनेमात त्याचे खेळ वर्षानुवर्षे चालू राहिले. आयलंड रेकॉर्ड्सने काढलेला गाण्यांचा संच त्याहूनही दूर गेला. मार्ली यांचे नाव जगभर होण्यापूर्वी अनेक अमेरिकन श्रोत्यांना रेगे पहिल्यांदा भेटले ते याच संचातून. शीर्षकगीत चित्रपटासाठी रचलेले होते, पण बाकीची बरीचशी गाणी आधीच बाजारात आलेली होती आणि त्यांतली अनेक लेस्ली काँग यांची निर्मिती होती. काँग १९७१ मध्येच वारले.

चित्रपटात हिल्टनला शिक्षा होत नाही. त्याने कोणताही कायदा मोडलेला नाही. त्या काळी जमैकात लागू होता तो १९११ चा ब्रिटिश स्वामित्वहक्क कायदा. देशाचा स्वतःचा स्वामित्वहक्क कायदा अमलात आला १९९३ मध्ये, आयव्हनची कथा पडद्यावर आल्यानंतर एकवीस वर्षांनी.