मुंबईतील अमेरिकन मराठी मिशनची स्थापना : परवानगीचा प्रश्न (1812–1826)

सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर नळदुर्ग ओलांडले की जळकोट हे गाव लागते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे निजामाचा अंमल होता. त्याच वेळी नाशिक-त्र्यंबक पेशव्यांकडे, नागपूर भोसल्यांकडे, तर मुंबई इंग्रज कंपनीकडे होती. चारही ठिकाणी सामान्य माणसाच्या तोंडी भाषा मराठी, पण सत्ता मात्र चार. परक्या देशातून येऊन या भाषकांत धर्मकार्य उभारू इच्छिणाऱ्याला 'मराठी मुलूख' नावाचा एकच देश भेटणार नव्हता. कोणत्या राज्यात पाऊल ठेवावयाचे आणि तेथे कोणाच्या अनुज्ञेने राहावयाचे, हाच त्याच्यापुढील पहिला प्रश्न होता. अमेरिकन मराठी मिशनच्या स्थापनेचा इतिहास हा मुख्यतः या प्रश्नाचा इतिहास होय.

मिशन हे ब्रिटिश सत्तेच्या निशाणामागून चालत आले, असे विधान आपल्याकडे वारंवार केले जाते. उत्तरकाळातील काही संस्थांना ते लागूही पडेल. परंतु मुंबईतील या पहिल्या अमेरिकन प्रयत्नाला ते जसेच्या तसे लावता येत नाही.

अमेरिकन बोर्ड या संस्थेची स्थापना मॅसॅच्युसेट्स संस्थानात 1810 साली झाली. परदेशी मिशनसाठी अमेरिकेत स्थापन झालेली ही पहिली मोठी संस्था. 6 फेब्रुवारी 1812 रोजी सेलम येथील चर्चमध्ये ॲडोनिराम जडसन, सॅम्युएल न्यूवेल, सॅम्युएल नॉट, गॉर्डन हॉल व ल्यूथर राइस या पाच तरुणांना दीक्षा देण्यात आली, आणि त्याच महिन्यात ते दोन निरनिराळ्या जहाजांनी कलकत्त्यास निघाले. त्यांचे कार्यक्षेत्रही तेव्हा नक्की ठरले नव्हते. पूर्वेकडे जावे, जेथे दार उघडे दिसेल तेथे राहावे, एवढाच बेत होता.

दार मात्र कोठेच उघडे नव्हते. कंपनीच्या परवान्यावाचून तिच्या मुलखात राहण्याचा कोणाही युरोपीयास अधिकार नव्हता, आणि धर्मोपदेशकांना असा परवाना देण्यास कंपनी नाखूष असे. 1806 मधील वेल्लोरच्या शिपायांच्या उठावानंतर ही नाखुषी वाढली होती. धर्मात ढवळाढवळ होत असल्याच्या संशयाने प्रजा बिथरेल आणि व्यापार व राज्य दोन्ही धोक्यात येतील, हे भय अधिकाऱ्यांच्या मनात घर करून होते. त्यातच 18 जून 1812 रोजी अमेरिकेने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारले. नॉट, हॉल व राइस ऑगस्टमध्ये कलकत्त्यास उतरले तेव्हा ही वार्ता तेथे पोहोचलेली नव्हती. ती आल्यावर मात्र हे परवाना नसलेले परदेशी आता शत्रुराष्ट्राचे नागरिकही ठरले.

या पाच जणांची वाताहत थोडक्यात सांगता येईल. जडसन व राइस यांनी कलकत्त्यात बाप्तिस्त मत स्वीकारले. जडसन पुढे रंगूनला गेला, तर राइस अमेरिकेस परतला. न्यूवेल पत्नी हॅरिएटसह मॉरिशसला गेला आणि तेथे 30 नोव्हेंबर 1812 रोजी तिला मृत्यू आला. ती अवघी एकोणीस वर्षांची होती. उरले हॉल आणि नॉट. त्यांना इंग्लंडला रवाना करण्याचा कलकत्ता सरकारचा मनसुबा असतानाच हे दोघे मुंबईच्या जहाजावर चढले आणि फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईस पोहोचले.

मुंबईच पसंत करण्याचे कारण भाषिक नव्हते, राजकीय होते. तेथील नवा गव्हर्नर सर ईव्हान नेपियन हा बायबल सोसायटीच्या कार्याशी संबंधित व धार्मिक प्रवृत्तीचा गृहस्थ म्हणून ख्यात होता. मराठी मिशन 'मराठी' झाले ते एका गव्हर्नरच्या स्वभावामुळे, असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्तीचे ठरू नये.

कलकत्त्याचा हुकूम मात्र त्यांच्या पाठोपाठ मुंबईत येऊन थडकला. नेपियनने अंमलबजावणीस विलंब लावला, पण वरिष्ठ सरकारची आज्ञा सरळ धुडकावणे त्याला शक्य नव्हते. 1813 च्या अखेरीस पाठवणी अटळ दिसू लागताच हॉल व नॉट किनाऱ्यावरील एका गलबताने गुपचूप कोचीनला निघून गेले. तेथे ते अडविले गेले आणि त्यांना मुंबईस परत आणण्यात आले. हे पलायन त्यांच्या पक्षाला घातकच ठरावयाचे. कारण ज्या गव्हर्नरने सवलत दिली, त्यालाच त्यामुळे तोंडघशी पाडल्यासारखे झाले होते. यानंतर डिसेंबरमध्ये त्यांनी नेपियनला जे निवेदन लिहिले त्यात कायद्याचा आधार घेण्याचा प्रयत्न दिसत नाही, कारण कायदा त्यांच्या बाजूने नव्हताच. धर्मोपदेश ही ईश्वरी आज्ञा आहे. ख्रिस्ती राज्यकर्त्याला ती रोखण्याचा अधिकार पोहोचत नाही, हा त्यांचा युक्तिवाद. गव्हर्नरच्या पदाला नव्हे, तर त्याच्या सदसद्विवेकबुद्धीला केलेले हे आवाहन होते. नेपियनने पाठवणी थांबवून प्रकरण लंडनच्या संचालकांकडे निर्णयार्थ सोपविले. तेथे चार्ल्स ग्रँट या प्रभावी संचालकाने त्यांची बाजू उचलून धरली आणि त्यांना राहू देण्यात आले.

त्याच वर्षी, जुलै 1813 मध्ये, ब्रिटिश पार्लमेंटने कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण करताना धार्मिक व नैतिक सुधारणेसाठी हिंदुस्थानात जाऊ इच्छिणाऱ्यांना परवाना मिळण्याची तरतूद केली होती. एप्रिल 1814 पासून ती अमलात आली. यावरून सनदेनेच मिशनला प्रवेश दिला, असे मानण्याकडे कल होतो. तो कालक्रमाशी जुळत नाही. सनदेने वारे बदलले हे खरे. तथापि मुंबईत पाय रोवले गेले ते तिच्या अंमलापूर्वी, आज्ञाभंग, विलंब आणि व्यक्तिगत स्नेह यांच्या आधारे. मिशन हे साम्राज्याचे हस्तक नव्हते, तसे त्याच्यापासून अलिप्तही नव्हते; साम्राज्याच्याच यंत्रणेतील धर्मनिष्ठ मंडळींच्या मेहेरबानीवर ते तगले.

अशा मेहेरबानीवर राहणाऱ्याला निरुपद्रवी आणि उपयुक्त दिसणे भाग असते. पहिल्या वर्षांत मिशनचा भर भाषाभ्यास, शाळा व छापखाना यांवर का पडला, याचे एक कारण येथे सापडते. दुसरे अर्थातच कार्याची अंगभूत गरज. विल्यम कॅरेचे मराठी व्याकरण (1805) व कोश (1810) उपलब्ध होते. पण ते बंगालमधील श्रीरामपूरच्या वातावरणात सिद्ध झालेले, आणि मुंबईच्या बाजारात ऐकू येणारी मराठी वेगळी होती. त्यामुळे भाषांतराचे काम नव्याने हाती घ्यावे लागले. नॉट प्रकृतिअस्वास्थ्यामुळे 1815 मध्ये मायदेशी परतला. 1814 मध्ये सिंहलद्वीपाहून येऊन मिळालेला न्यूवेल 1821 मध्ये पटकीने गेला. 1816 मध्ये मुद्रणकला जाणणारा होरेशो बार्डवेल आला आणि पुढील वर्षी मिशनच्या छापखान्यातून मराठी मजकूर बाहेर पडू लागला. शाळांत शिकविणारे पंतोजी बहुधा हिंदूच असत. 1824 मध्ये मुलींची शाळा निघाली. या काळात धर्मांतरितांची संख्या मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच राहिली. बोर्डाच्या दृष्टीने हे अपयश, शिक्षण व मुद्रण यांच्या इतिहासाच्या दृष्टीने तसे म्हणता येत नाही.

मुंबई बेटापलीकडचा प्रदेश पेशवाईच्या अस्तापर्यंत, म्हणजे 1818 पर्यंत, बव्हंशी परराज्यच होता. नंतर तेथे कंपनीचे राज्य आले, तरी एल्फिन्स्टनचे धोरण धर्माच्या बाबतीत सावधगिरीचेच होते. अहमदनगरचे ठाणे 1831 मध्ये उघडले, आणि सोलापूरला, म्हणजे निजामाच्या सरहद्दीशी, मिशन पोहोचण्यास आणखी तीन दशके लागली. गॉर्डन हॉलच्या वाट्याला यांपैकी काही आले नाही. मराठी नवा करार पूर्ण छापून झाला ते साल 1826. त्याच साली 20 मार्च रोजी, पटकीची साथ चालू असताना, नाशिककडील दौऱ्यावरून परतताना वाटेवरील एका खेड्यात त्याला पटकी झाली आणि तेथेच तो मरण पावला. तेरा वर्षांपूर्वी तो मुंबईत उतरला तेव्हा हा मुलूख पेशव्यांचा होता.