काठावरची अक्षरं

बंगालच्या कांथ्याचं, म्हणजे जुन्या कापडाच्या शिवलेल्या पांघरुणाचं, मूळ शोधणारा सहसा ‘कन्था’ या संस्कृत शब्दापाशी येऊन थांबतो. जोग्याची ठिगळांची कंथा मराठीलाही ओळखीची, त्यामुळे तिथे वाद नाही. मला अडवलं ते बंगालमधल्याच शांतिपूरच्या साडीनं.

1856 साली विधवा पुनर्विवाहाचा कायदा झाला. त्यासाठी विद्यासागर झटले होते. त्या दिवसांत शांतिपूरच्या विणकरांनी विद्यासागरांना दीर्घायुष्य चिंतणारं गाणं थेट साडीच्या काठात विणलं. बायका अक्षरं नेसू लागल्या!

आता कांथा कसा होतो ते पाहा. जुनेर साड्या-धोतरांचे थर आपल्या गोधडीसारखे एकावर एक अंथरायचे आणि धावदोरा घालायचा. पण दोरा विकतचा नाही. साडीच्या काठाचं टोक उसवायचं, सुईनं लाल किंवा निळा धागा उचलायचा, हलक्या हातानं ओढायचा. काठ चुणत जातो, धागा सुटतो, बोटावर गुंडाळला जातो. काठावरचं अक्षर मोडलं, तरी त्याचा दोरा हाताशी उरतो.

माझं म्हणणं असं, की कांथ्यावर नावं, अर्पणाच्या ओळी भरायची हौस या काठांनीच लावली. यावर कुणी म्हणेल, हे तर मुलींच्या शाळेचं देणं. बेथून साहेबांची शाळा 1849 सालची, कबूल. पण ती कोलकात्यात. खेड्यातल्या राससुंदरी देवींनी चैतन्य भागवताचं एक पान स्वयंपाकघरात लपवलं आणि मुलाच्या ताडपत्रावरच्या अक्षरांशी पडताळत त्या वाचायला शिकल्या. अक्षर त्यांना शाळेत नव्हे, घरातल्या वस्तूवर भेटलं.

शांतिपुरी काठाचा दोरा नेमका कोणत्या कांथ्यात गेला, हे दाखवता येत नाही. एकदा टाका झाला की दोरा आपलं गाव सांगत नाही. तरी मी माझा मुद्दा सोडणार नाही, कारण मानदासुंदरींचा कांथा. गुरुसदय दत्तांनी जमवलेल्या आणि आता कोलकात्याजवळ जोका इथे असलेल्या संग्रहातला. त्यावर शिपाई आहेत, नाणी आहेत. नाणं जसं पाहून टाक्यात उतरवलं, तसंच अक्षरही पाहून उतरवता येतं. आणि मानदासुंदरींनी ते उतरवलं: हा कांथा आपल्या हातानं, वडिलांसाठी केला, हे त्यांनी त्याच कापडावर दोऱ्यानं लिहून ठेवलं आहे.