नांगराच्या कारखान्यांतील उमेदवारी

रंग ओळखण्यांतील दोषामुळें मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत लक्ष्मणराव किर्लोस्करांना चित्रकला सोडावी लागली. परंतु यांत्रिक रेखाटन त्यांना साधलें आणि पुढें व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेंत ते तेंच शिकवूं लागले. बढतीच्या वेळीं डावलले गेल्यावर नोकरी सोडून त्यांनीं बेळगांवीं कडबा कापण्याचें यंत्र व लोखंडी नांगर घडविला. लोखंडानें जमीन विषारी होते, ही शेतकऱ्यांची समजूत आडवी आली. ती त्या नांगरानेंच उलथून टाकली. १९१० सालीं औंध संस्थानांतील ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. तेथें आसपासच्या खेड्यांतील माणसें, हातीं पदवी नसतांना, उमेदवारी करीत साचेकाम, ओतकाम व कानसकाम शिकलीं. यंत्रविद्या ही शहरांतील सुशिक्षितांचीच, ही दुसरी समजूत त्यांच्या हातांनीं मोडली.