कर्ण्याला हवा भक्कम कोपरा

अमेरिकेचे माजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांचे जन्मगाव म्हणून अर्कान्सा राज्यातील होप हे छोटेसे गाव जगाला ठाऊक झाले. श्राव्य यंत्रणांच्या शौकिनांना मात्र ते निराळ्याच कारणाने परिचित आहे. क्लिंटन यांचा जन्म १९४६ मधला. त्याच वर्षी पॉल विल्बर क्लिप्श या अभियंत्याने या गावात ध्वनिक्षेपक, म्हणजेच लाउडस्पीकर, बनविणारी आपली कंपनी स्थापन केली. दुसऱ्या महायुद्धात लष्करी सेवेच्या निमित्ताने होपला आलेले क्लिप्श तेथेच स्थायिक झाले. २००२ साली त्यांचे निधन झाले. पण त्यांनी रचलेला 'क्लिप्शहॉर्न' हा घरगुती वापराचा भव्य कर्णा सात दशकांहून अधिक काळ तयार होत राहिला.

हा कर्णा विकत घेणाऱ्यापुढे एक अट असते. तो खोलीच्या कोपऱ्यातच ठेवावा लागतो. कारण दोन भिंती आणि जमीन हे त्या यंत्राचेच भाग असतात. कोपरा नसलेल्या घरात एवढी महागडी जोडी आणणे म्हणजे अर्धेच यंत्र आणण्यासारखे आहे. अशा वेळी अनेक शौकीन घरातच लाकडी कृत्रिम कोपरे उभारतात. ते कसे बांधावेत आणि त्यांच्याकडून नेमकी किती अपेक्षा ठेवावी, याची ही माहिती.

कोपऱ्यामागचे गणित

कर्ण्याचे तत्त्व आपल्याला जुन्या ग्रामोफोनमुळे परिचित आहे. अरुंद घशापासून रुंद मुखापर्यंत क्रमाने पसरत जाणारी नळी पडद्याच्या कंपनाची हवेशी चांगली सांगड घालते आणि थोड्या शक्तीत मोठा आवाज मिळतो. क्लिप्शहॉर्न एका वॅटला एक मीटर अंतरावर सुमारे १०५ डेसिबल आवाज देतो. नेहमीच्या घरगुती ध्वनिक्षेपकाचा हाच आकडा ८५ ते ९० च्या आसपास असतो. पंधरा डेसिबलचा फरक म्हणजे शक्तीच्या हिशेबात सुमारे तीसपट.

अडचण येते ती खर्जाची. ४० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी हवेत सुमारे साडेआठ मीटर असते. मोकळ्या जागेतील कर्ण्याने हा स्वर नीट द्यायचा, तर त्याच्या मुखाचा परीघ साधारण तेवढाच हवा. म्हणजे तोंडाचा व्यास जवळजवळ नऊ फूट आणि क्षेत्रफळ सुमारे ५.९ चौरस मीटर! घरात हे अशक्यच. पण तोच कर्णा दोन भिंती आणि जमीन यांच्या सांध्यात ठेवला, तर ध्वनीला पसरायला अवकाशाचा आठवा हिस्साच उरतो आणि मुखाचे क्षेत्रफळही आठव्या हिश्शावर, म्हणजे पाऊण चौरस मीटरच्या आत येते. क्लिप्श यांच्या रचनेचे मर्म या सोप्या भागाकारात आहे. पंधरा इंची पडद्यापासून निघालेला खर्ज पेटीतल्या घड्यांमधून फिरून मागे येतो आणि पेटीच्या दोन्ही बाजू व घराच्या भिंती यांच्यामधील वाटेने खोलीत उतरतो. कर्ण्याचा अखेरचा टप्पा अशा रीतीने भिंतच पुरा करते.

अडचण कोठे येते?

कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंना निदान चार फूट सलग भिंत असावी, असा साधारण संकेत आहे. प्रत्यक्षात एका बाजूला दार असते, दुसरीकडे खिडकी. कोठे भिंतीच्या तळाची पट्टी पेटीला मागे सरकू देत नाही, तर कोठे भिंतीच गुण्यात नसतात. कधी खोली इतकी रुंद असते की दोन कर्ण्यांमधील अंतर फार वाढते आणि मधोमध गाणारा गायक हरवल्यासारखा वाटतो. पेटीची मागची कड आणि भिंत यांच्यात फट राहिली, तर कर्णा तेथे फुटल्यासारखा होऊन खर्ज क्षीण होतो.

बांधणी

बाजारात मिळणारी प्लायवूडची शीट आठ फूट बाय चार फुटांची असते. ती मधोमध कापली की चार फुटी दोन चौरस पंख मिळतात. खर्जाचा भाग पेटीच्या खालच्या बाजूस असल्याने चार फूट उंची पुरते.

मुख्य पथ्य कडकपणाचे. पातळ फळी खर्जाबरोबर स्वतःच थरथरते आणि ध्वनी परत पाठविण्याऐवजी गिळून टाकते. म्हणून १८ ते १९ मिलिमीटर जाडीचे दोन थर सरस लावून व स्क्रूने आवळून एकजीव करावेत. त्यामागे जाड रिपांची चौकट असावी. रिपांमधील अंतरे मुद्दाम असमान ठेवावीत, म्हणजे सर्व भाग एकाच स्वराला कंप पावणार नाहीत. मुठीने ठोकल्यावर ढोलासारखा आवाज आला, तर आणखी आधार द्यावा.

दोन्ही पंख बरोबर काटकोनात जोडावेत. सांधा गुण्या लावून तपासावा, उभेपणा ओळंब्याने पाहावा. मधल्या सांध्यात आणि जमिनीलगत कोठेही फट नको. पेटीच्या मागील उभ्या कडांना मऊ रबरी किंवा फोमची पट्टी चिकटवून पेटी कोपऱ्यात दाबून बसवावी. पंखांची पाठ आणि खरी भिंत यांच्यात पोकळी राहत असेल, तर तीत काचलोकर भरावी. अन्यथा ती पोकळी आपलाच एक सूर लावते.

एका कोपऱ्याचे वजन सहज साठ-सत्तर किलोंवर जाते. लहान मुले असलेल्या घरात तो भिंतीला पट्टीने बांधल्याखेरीज सोडू नये.

एक बाजू ठीक असेल तर संपूर्ण कोपरा उभारण्याची गरज नसते. दोन फुटांवर दार लागत असेल, तर त्या बाजूला एकच पंख पुढे काढावा. खिडकीचा खळगा काढता-घालता येणाऱ्या जाड फळीने बंद करावा. कमीत कमी लाकडात होणारा हा उपाय बहुधा अधिक गुणकारी ठरतो.

मर्यादा ओळखाव्यात

कृत्रिम कोपरा दोन कामांपैकी एकच पूर्णपणे करतो. कर्ण्याचा अखेरचा टप्पा तो नीट पुरा करतो, त्यामुळे मधला आणि वरचा खर्ज भरीव होतो. परंतु खऱ्या भिंतीचे विस्तीर्ण पाठबळ त्याला देता येत नाही. चार फुटांचा पंख सुमारे ७० हर्ट्झच्या तरंगाच्या पाव लांबीइतका असतो. त्याखालचे लांब तरंग पंखाच्या कडेवरून वळून मागे जातात आणि अगदी खालचा खर्ज हळूहळू विरळ होतो. कोपरा खोलीच्या मधोमध उभा केला, तर हा तोटा सर्वाधिक जाणवतो. त्याची पाठ खऱ्या भिंतीजवळ असेल, तर तो बराच कमी होतो.

या तडजोडीच्या बदल्यात एक सोयही मिळते. खोलीचा कोपरा वळविता येत नाही; कृत्रिम कोपरा वळविता येतो. दोन कर्णे जवळ आणून, त्यांची तोंडे श्रोत्याच्या किंचित पुढे एकमेकांना छेदतील अशी फिरवली, की रुंद खोलीतही गायक पुन्हा मधोमध येतो.

क्लिप्शहॉर्नच्या 'एके-६' या आवृत्तीत खर्जाचा कर्णा मागूनही पूर्ण बंद केलेला आहे. त्यामुळे भिंतीला हवाबंद टेकण्याची अट सुटली. जुन्या जोड्या बाळगणाऱ्यांना मात्र कोपऱ्यावाचून गत्यंतर नाही.

अमेरिकी घरांत भिंती बहुधा लाकडी चौकटीवर जिप्समचे तक्ते ठोकून केलेल्या असतात. आपल्याकडची विटांची नऊ इंची भिंत त्याहून कितीतरी कडक, म्हणजे कर्ण्यासाठी उत्तम. तेव्हा असा कर्णा घरी आणण्याचा विचार असेल, तर सुताराला बोलावण्यापूर्वी एखादे कपाट हलवून खरा कोपरा मोकळा होतो का, हे पाहावे. तो होत नसेल तरच प्लायवूड आणावे, आणि आणले तर जाडीत काटकसर करू नये.