नेचे : जामखेड परिसरातील

नेचे : फुले, फळे व बिया न येणाऱ्या आणि बीजुकांपासून वाढणाऱ्या वनस्पतींचा गट. जगात त्यांच्या सुमारे १०,५०० जाती आहेत. अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यातील घाटघर-हरिश्चंद्रगड भागात, पावसाळ्यात खडक, खोडे आणि ओढ्यांचे काठ नेच्यांनी भरून जातात. त्याच जिल्ह्यात, पर्जन्यछायेतल्या जामखेडला मात्र ते शोधावे लागतात. कमी पाऊस आणि शेळ्यामेंढ्यांची चराई ही याची सहज सुचणारी कारणे. ती खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. नेचा कुठे रुजेल हे ठरते ते ओल जमिनीलगत किती दिवस टिकते यावर.

पानांमागच्या ठिपक्यांतून उडालेले बीजुक रुजले की आधी नखाएवढी पातळ हिरवी चकती, म्हणजे गंतुकधारी, तयार होते. तिच्यावर सुटलेली रेतुके पाण्याच्या पातळ थरातून पोहत अंडपेशीपर्यंत जातात, तेव्हा कुठे ओळखीचा नेचा उगवतो. चार तासांत कोसळून वाहून गेलेला पाऊस या चकतीच्या उपयोगाचा नाही. तिला काही आठवडे झिरपणारा दगड आणि सावली हवी. म्हणून पठारावर नेचे शोधायचे ते माळावर नव्हे, तर जामखेडजवळच्या सौताड्याला विंचरणा नदीचा धबधबा कोसळतो तशा घळींत आणि जुन्या विहिरींच्या चिरेबंदी सांध्यांत. हंसराज अशाच जागी वाढतो. विहिरीचा कठडा वर तापलेला असला तरी आतली भिंत ओली राहते, हे पावसाच्या सरासरीत दिसत नाही.

यावर आक्षेप येईल तो मयूरशिखेचा. पंख्यासारख्या पानांचा हा छोटा नेचा कोरड्या कातळांच्या भेगांत व जुन्या भिंतींवर वाढतो, उन्हाळ्यात मिटून तपकिरी होतो आणि सरी आल्या की पुन्हा हिरवा होतो. मग ओलीची अट कुठे राहिली? पण ही सहनशक्ती वाढलेल्या झाडाची आहे. शिवाय चायलँथिससारख्या कोरड्या प्रदेशातल्या अनेक नेच्यांत फलन न होताच चकतीवर रोप धरते. कोरड्या जागी टिकायला या नेच्यांना पाण्यातला प्रवासच वगळावा लागला; हा अपवाद मूळ अडचण कोणती होती ते दाखवतो.

दुसरा आक्षेप चराईचा. नेचे कुणीच खात नाही, हे म्हणणे अतिव्याप्त आहे. काही पतंगांच्या अळ्या, मावा व करवतमाश्यांच्या अळ्या त्यांच्यावर जगतात. पण अनेक नेच्यांचा रासायनिक बचाव भक्कम असतो. ब्रॅकन नेच्यातील थायामिनेज घोड्याच्या शरीरातील ब-१ जीवनसत्त्व नष्ट करते, आणि हा नेचा दीर्घकाळ चरणाऱ्या गुरांच्या मूत्राशयात गाठी होतात. टेक्टेरिया नेच्यातील एक प्रथिन पांढऱ्या माशीला मारक असल्याचे लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये दाखवले; कापूस पिकवणाऱ्यांना त्याचे मोल वेगळे सांगायला नको. म्हणून शेळीने नेचा खाण्यापेक्षा तिने कपारीवरचे झुडूप ओरबाडल्याने होणारे नुकसान अधिक मानावे लागते. सावली गेली की दगड लवकर सुकतो, आणि चराईचा परिणामही शेवटी ओलीच्याच वाटेने होतो.

याउलट गुरे आणि कोंबड्या आवडीने खातात असा नेचा म्हणजे अझोला. त्याच्या पानांच्या पोकळ्यांत राहणारे नीलहरित शैवाल हवेतील नत्र बांधते, त्यामुळे त्यात प्रथिने भरपूर असतात. तो पाण्यावर तरंगतो, म्हणून कोरड्या भागातला शेतकरी प्लास्टिक अंथरलेल्या खड्ड्यात पाणी साठवून तो वाढवतो. कडक उन्हाळ्यात वर शेडनेट लागते आणि आटलेले पाणी पुन्हा भरावे लागते.