हाताचं कसब शास्त्र कधी होतं? हाडवैद्य, मिरज आणि दंतवैद्यांची गोष्ट

आजचा भाग जरा वेगळा आहे. लढाई नाही, तह नाही, राजा नाही. आज बोलायचंय हाडांबद्दल. एखाद्याच्या हातात गुण असतो, असं आपण म्हणतो. तो गुण त्या माणसासोबत संपतो की पुढे जातो? आणि जातो तर कसा जातो? आपल्या सातारा-सांगली पट्ट्यात या प्रश्नाचं उत्तर शोधायला भरपूर जागा आहे.

सुरुवात तालमीपासून करू. कुस्तीचा मुलूख म्हटलं की खांदा निखळणं, मनगट मुरगळणं, गुडघा धरणं हे रोजचंच. त्यामुळे तालमीच्या आसपास हाड बसवणारा जाणता माणूस हमखास असायचा. कुणी त्याला हाडवैद्य म्हणे, कुणी नुसतंच वैद्यबुवा. तेल लावून चोळायचं, बोटांनी चाचपून हाड कुठं सरकलंय ते ओळखायचं, हिसका देऊन बसवायचं, कांडवेलीचा लेप लावायचा आणि बांबूच्या कामट्या लावून पट्टा आवळायचा. निखळलेला सांधा चटकन बसवण्यात यातल्या काहींचा हात खरोखर बसलेला होता. उगाच लोक लांबून येत नव्हते.

पण या कसबाला एक मोठी मर्यादा होती. ते घरात राहायचं. बापाकडून मुलाकडे, फार तर पुतण्याकडे. किती हाडं नीट जुळली, किती वाकडी जुळली, याची वही कुणी ठेवली नाही. त्यामुळे चुकीतून शिकणं एका माणसाच्या आठवणीपुरतंच राहिलं. पट्टा फार घट्ट बांधला तर रक्तपुरवठा तुटतो, हात किंवा पाय काळा पडतो आणि शेवटी कापावा लागतो. अशी प्रकरणं भारतातल्या हाडांच्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं पाहिली आहेत. एका गावात घडलेला तो अनर्थ शेजारच्या गावातल्या हाडवैद्याला कळायचा मार्गच नव्हता. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता मिरजेला येऊ. विल्यम वॉन्लेस नावाचा कॅनडात जन्मलेला तरुण डॉक्टर १८८९ मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे भारतात आला. सांगलीत त्यानं दवाखाना सुरू केला, मग मिरजेला मुक्काम हलवला. १८९४ मध्ये तिथं रुग्णालय उभं राहिलं. मिरज रेल्वेचं जंक्शन, त्यामुळे दख्खनच्या कानाकोपऱ्यातून रुग्ण यायला लागले. वॉन्लेस उत्तम शल्यचिकित्सक होते, १९२८ मध्ये त्यांना 'सर' ही पदवीही मिळाली. पण आपल्या गोष्टीसाठी त्यांचं दुसरं काम जास्त मोलाचं आहे. एकटा माणूस किती शस्त्रक्रिया करणार? म्हणून १८९७ मध्ये त्यांनी मिरजेत वैद्यकीय शाळा काढली. म्हणजे हातातलं कसब घराबाहेर काढलं आणि ज्यांच्याशी रक्ताचं नातं नाही अशा मुलांना शिकवलं. पुढे १९६२ मध्ये मिरजेत वैद्यकीय महाविद्यालय आलं. सांगली-मिरज रस्त्यावरची वॉनलेसवाडी आजही त्या डॉक्टरचं नाव सांगते.

शिकवणं ही पहिली पायरी झाली. दुसरी पायरी समजून घ्यायला आपल्याला थेट सायबेरियात जावं लागेल. काळजी करू नका, परत मिरजेलाच येणार आहोत.

गाव्रिल इलिझारोव्ह. जन्म १९२१. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीला डॉक्टर झाला आणि नेमणूक मिळाली ती पश्चिम सायबेरियातल्या कुर्गान भागातल्या एका खेड्यात. युद्धावरून परतलेली माणसं, न जुळलेली हाडं, वर्षानुवर्षं वाहणाऱ्या जखमा, आणि हाताशी साधनं अगदी मोजकी. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं एक उपकरण बनवलं. पायाभोवती धातूच्या रिंगा आणि हाडातून आरपार जाणाऱ्या बारीक तारा. सायकलच्या चाकाला आरे कसे ताणून बसवलेले असतात, तशा त्या तारा रिंगेला ताणून बसवायच्या. रिंगा एकमेकींना दांड्यांनी जोडायच्या आणि नट फिरवून हाडाचे तुकडे हवे तसे सरकवायचे.

असं सांगतात की एका रुग्णानं नट उलटा फिरवला. हाडाची टोकं जवळ यायच्या ऐवजी लांब गेली. आणि बघतात तर काय, मधल्या फटीत नवं हाड तयार होतंय! किस्सा जसाच्या तसा घडला असेल-नसेल, पण त्यातून पुढे आलेलं तत्त्व पक्कं आहे. हाड कापून काही दिवस तसंच ठेवायचं आणि मग हळूहळू ताणायचं. किती हळू? दिवसाला साधारण १ मिलिमीटर, तोही एकदम नाही, पाव-पाव मिलिमीटर चार वेळा. घाई केली तर नवं हाड धरत नाही, फार रेंगाळलं तर फट मध्येच जुळून बसते. १ सेंटिमीटर अंतर दहा दिवसांत मिळतं, पण ते हाड घट्ट व्हायला पुढे कित्येक आठवडे रिंग तशीच ठेवावी लागते. इलिझारोव्हनं हे कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून तपासलं, वेगवेगळे वेग लावून पाहिले, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. गुण हातात होताच, पण त्यानं तो मोजला. ही दुसरी पायरी.

तरीही पश्चिमेला याचा पत्ता नव्हता. रशियात मात्र १९६८ नंतर त्याचं नाव झालं. टोकियो ऑलिंपिकमध्ये उंच उडीचं सुवर्णपदक मिळवलेला वालेरी ब्रुमेल १९६५ मध्ये मोटारसायकल अपघातात सापडला होता. पायावर शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या, शेवटी तो इलिझारोव्हकडे आला, पाय वाचला आणि तो पुन्हा उड्या मारायला लागला. मग १९८० मध्ये कार्लो माउरी नावाचा इटालियन गिर्यारोहक जुनी मोडकी तंगडी घेऊन कुर्गानला गेला आणि बरा होऊन परतला. इटलीतले डॉक्टर चक्रावले. १९८१ मध्ये त्यांनी इलिझारोव्हला बोलावलं, भाषण ऐकलं आणि त्यानंतर ही पद्धत शिकण्या-शिकवण्यासाठी लेक्को शहरात संघटना उभी केली. एका रुग्णाच्या पायावरून पद्धतीनं पोलादी पडदा ओलांडला, असं म्हणायला हरकत नाही.

आता परत मिरज. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही पद्धत भारतात येऊ लागली आणि ज्यांनी ती सुरुवातीच्या काळात उचलून धरली त्यांत मिरजेचे डॉ. जी. एस. कुलकर्णी यांचं नाव येतं. इथंच ती का रुजावी? गरज होती म्हणून. अपघातात चेचलेली नडगी, पू झालेलं आणि वर्षभर न जुळलेलं हाड, पोलिओनं आखूड राहिलेला पाय. असे रुग्ण खेड्यापाड्यांतून येत होते आणि पाय कापणं हाच पुष्कळदा त्यांच्यापुढचा दुसरा पर्याय असे. रिंगा आणि तारा देशातच बनू लागल्यामुळे खर्चही आवाक्यात आला. कुलकर्णी नुसत्या शस्त्रक्रियांवर थांबले नाहीत. मिरजेसारख्या गावात बसून त्यांनी हाडं आणि अपघात या विषयावरच्या जाडजूड इंग्रजी पाठ्यपुस्तकाचं संपादन केलं. १९९९ मध्ये त्याची पहिली आवृत्ती निघाली आणि देशभरातले विद्यार्थी त्यावर अभ्यास करू लागले. ज्या गावात शंभर वर्षांपूर्वी वॉन्लेसनं शाळा काढली, तिथूनच पुस्तक बाहेर पडलं. ही साखळी मला फार महत्त्वाची वाटते.

आणि आता तिसरी पायरी, शेजारच्या शास्त्राशी हातमिळवणी. इथं दंतवैद्य येतात.

पायाचं हाड ताणून वाढतं, तर जबड्याचं का नाही? १९७३ मध्ये स्नायडर आणि सहकाऱ्यांनी कुत्र्याच्या खालच्या जबड्यावर तसा प्रयोग केला. पुढे न्यूयॉर्कचे प्लास्टिक सर्जन जोसेफ मॅकार्थी यांनी जन्मतः जबडा लहान असलेल्या मुलांवर हे तंत्र वापरलं आणि १९९२ मध्ये ते प्रसिद्ध केलं. योगायोग बघा, त्याच वर्षी इलिझारोव्ह वारला.

पण जबडा म्हणजे तंगडी नव्हे. तंगडीत लांबी साधली की बरंचसं काम झालं. जबड्यात दात आहेत, वरच्या दातांना खालचे दात बसायला हवेत, हाडात अजून न उगवलेले दात लपलेले असतात, खालच्या ओठाला संवेदना देणारी नस आतून जाते. हाड कुठं कापायचं, कुठल्या दिशेनं ताणायचं, हे दात वाकडे-सरळ करणाऱ्या तज्ज्ञाशी बसूनच ठरवावं लागतं. नवं हाड मऊ असतानाच दातांना बारीक रबर लावून चावा जुळवून घेता येतो. ते काम सर्जनचं नाही, दंतवैद्याचं. दोघं एकत्र नसतील तर जबडा लांब होईल पण मूल भाकरी चावू शकणार नाही.

आपल्याकडे याची गरज कुठं पडते? मूल झाडावरून, झोक्यावरून हनुवटीवर पडतं. जखम भरते, सगळे विसरतात. किंवा कान वाहत राहतो, दुर्लक्ष होतं. हळूहळू कानापुढचा जबड्याचा सांधा जखडतो. तोंड बोटभरही उघडत नाही, जबड्याची वाढ खुंटते, हनुवटी आत जाते आणि रात्री झोपेत श्वास अडकतो. अशा मुलांसाठी सांधा मोकळा करणं आणि जबडा ताणून वाढवणं, दोन्ही लागू शकतं. आधी कुठलं करावं यावर तज्ज्ञांत चर्चा चालू असते आणि ती चालू असणं चांगलंच आहे. कराडला कृष्णा संस्थेत आणि सांगलीला भारती विद्यापीठात वैद्यकीय आणि दंत अशी दोन्ही महाविद्यालयं आहेत. एकाच गावात, हाकेच्या अंतरावर दोन्ही शास्त्रं असणं ही अशा मुलासाठी केवढी मोठी गोष्ट आहे!

आता एक तुलना, कारण हल्ली मोबाइलवर मान-पाठ कडाकड मोडणारे व्हिडिओ सगळेच बघतात. त्या विद्येचं नाव कायरोप्रॅक्टिक. १८९५ मध्ये अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्टला डी. डी. पामर यांनी ती सुरू केली. तिच्यातच मेजर डीजार्नेट नावाचे एक गृहस्थ झाले. 'मेजर' हे त्यांचं नावच, लष्करी हुद्दा नव्हे. नेब्रास्का राज्यात त्यांनी १९२० च्या दशकापासून एक पद्धत बसवली. कंबरेखालचं तिकोनी हाड आणि कवटीचा मागचा भाग एकमेकांशी बांधलेले आहेत, असं त्यांचं म्हणणं. रुग्णाला पालथं किंवा उताणं झोपवून कंबरेखाली पाचरी सरकवायच्या, जोराचा हिसका नाही. त्यांनी आयुष्यभर शिकवलं, पुस्तकं लिहिली, अनुयायी तयार केले. त्यांच्या परंपरेतल्या लोकांनी जबड्याच्या दुखण्यासाठी दंतवैद्यांबरोबर कामही केलं. तेही गेले १९९२ मध्येच.

म्हणजे शिकवणं होतं, हातमिळवणी होती. कमी पडली ती मधली पायरी. एकेका रुग्णाच्या हकिकती पुष्कळ छापल्या गेल्या, पण मोठ्या, तुलना करून केलेल्या चाचण्या फारशा झाल्या नाहीत. कवटीच्या हाडांची सूक्ष्म लय बोटांना जाणवते, हा जो दावा आहे, त्यात एकाच रुग्णाला दोन तपासनिसांनी वेगवेगळं तपासलं की त्यांची नोंद जुळत नाही, असं अभ्यासांत वारंवार दिसलं. पाव मिलिमीटर नट कुणीही फिरवला तरी तो पाव मिलिमीटरच असतो. बोटांना जे जाणवतं ते असं हातोहात देता येत नाही. आपल्या हाडवैद्याची अडचण तरी दुसरी काय होती?

म्हणून मंडळी, ज्याच्या हाताला गुण आहे त्याला नाकारायचं कारण नाही. पण त्याला तीन प्रश्न विचारता येतात. हे तुम्ही दुसऱ्याला शिकवलंय का? कितीजण बरे झाले आणि कितीजण नाही, याची नोंद आहे का? आणि तुमच्या हद्दीबाहेरचं काही दिसलं तर तुम्ही कुणाकडे पाठवता? पट्टा बांधल्यावर बोटं गार पडली, बधिर झाली, निळी दिसली, तर मात्र प्रश्न विचारत बसू नका. पट्टा सोडवा आणि सरळ रुग्णालय गाठा.

तुमच्या गावात जुन्या हाडवैद्यांच्या आठवणी असतील तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवा. बरं झालेलंही लिहा आणि बिघडलेलंही. इतकी वर्षं ती वही कुणी ठेवली नाही, आपण तरी ठेवू. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.