कवळाण्याची वंशावळ

बडोद्याच्या जुन्या कोटाचा पूर्व दरवाजा म्हणजे पाणीगेट. त्याच दिशेच्या आजवा सरोवराचे पाणी १८९२ साली नगरास मिळू लागले. ते आणविणारे श्रीमंत सयाजीराव महाराज मात्र मूळचे मालेगावनजीकच्या कवळाणे गावचे, शेतकरी घरातले.

१८७५ च्या एप्रिलमध्ये मल्हारराव पदच्युत झाले आणि कै. खंडेरावांच्या पत्नी जमनाबाई यांस दत्तक घेण्याची अनुज्ञा मिळाली. तेव्हा गायकवाडांच्या दूरच्या शाखांचा शोध सुरू झाला. कवळाण्याची शाखा पिलाजीरावांचे पुत्र प्रतापराव यांच्यापासून चालत आलेली. पिलाजीरावांचा वध १७३२ साली डाकोर येथे झाला होता. म्हणजे सुमारे दीड शतकाचे नाते सिद्ध करावयाचे होते. ते ग्राह्य ठरले आणि २७ मे १८७५ रोजी काशीरावांचे बारा वर्षांचे पुत्र गोपाळराव दत्तक जाऊन सयाजीराव झाले.

त्या बालकास तोवर अक्षरओळखही नव्हती. त्यांनीच १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे मोफत शिक्षण सुरू केले व १९०६ साली ते संस्थानभर लागू केले. गादी त्यांना पूर्वजांच्या नावाने लाभली. परंतु बडोदेकर त्यांचे स्मरण करतात ते शाळांमुळे आणि आजव्याच्या पाण्यामुळे.